हीटरची केबल आणि दोन बाउडन

१/ थंड देशांतील जुन्या मोटारींत हिवाळ्याच्या तोंडावर एक तक्रार नेहमीची असते. डॅशबोर्डवरील लिव्हर ‘गरम’कडे सरकते, पण आत गार वाराच येत राहतो. कित्येकदा दोष एका केबलचा असतो. तिच्यामागे १८९६ सालचा एक शोध आहे आणि त्याचे श्रेय अनेकदा भलत्याच माणसाला दिले जाते.

२/ इंजिनाची उष्णता घेतलेले पाणी हीटरमधील छोट्या रेडिएटरमध्ये खेळते आणि त्यावरून जाणारी हवा तापते. पाणी किती सोडायचे, हे एक तोटी ठरवते. मॉरिस मायनरसारख्या मोटारींत ही तोटी इंजिनावरच असे. ती उघडायची तर बॉनेट उचलावे लागे. पुढे अनेक मोटारींत केबलमुळे तोटीचे नियंत्रण चालकाच्या हाताशी आले.

३/ या केबलचे दोन भाग: आतली तार आणि बाहेरचे आवरण. शोधाचे मर्म आवरणात आहे. नुसती तार वळणावरून ओढली, तर ती सरळ होऊ पाहते. पोलादी तारेच्या घट्ट वेटोळ्यांचे आवरण वाकते, पण दाबले जात नाही. त्याची दोन्ही टोके पक्की असली, की ओढ थेट पलीकडे पोहोचते. कप्प्या लागत नाहीत.

४/ म्हणूनच केबल बदलताना जुनीचा मार्ग नीट पाहून नवी त्याच वाटेने न्यावी. लिव्हर ‘थंड’वर, तोटी पूर्ण बंद आणि मगच आवरण क्लिपमध्ये आवळावे. क्लिप सैल राहिली, तर नवी तारही व्यर्थ: आवरणच सरकते, तोटी जागची हलत नाही.

५/ आता श्रेयाचा प्रश्न. अनेक जण रॅली सायकल कंपनीच्या फ्रँक बाउडन यांचे नाव घेतात. परंतु १८९६ चे ब्रिटिश पेटंट, क्रमांक २५,३२५, आहे अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन यांच्या नावे.

६/ गोंधळ का झाला? या पेटंटच्या व्यवसायासाठी सिंडिकेट स्थापन झाले आणि त्याच्या संचालकांत फ्रँकही होते. रॅलीने आपल्या सायकलींसाठी बाउडन ब्रेक देऊ केले. आडनाव एक, धंदाही एकच. अर्नेस्ट १९०४ मध्येच वारले. फ्रँक १९२१ पर्यंत जगले आणि त्यांची कंपनी जगभर गाजली. प्रसिद्ध बाउडनच्या सावलीत दुसरा झाकला गेला.

७/ ही केबल आपल्यालाही परकी नाही. आकुर्डीत बनलेल्या बजाज चेतकचे क्लच आणि गिअर हँडलवरून चालत ते अशाच केबलींनी. गॅरेजमध्ये आपण ‘क्लच वायर’ मागतो, ती याच घराण्यातली.

८/ आजच्या अनेक मोटारींत हीटरच्या केबलीची जागा छोट्या विद्युत मोटरने घेतली आहे. वस्तू वापरातून जाते, तेव्हा तिच्याबद्दल ऐकीव गोष्टच उरते. म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने आडनावावर थांबू नये. पेटंटवरचे पूर्ण नाव वाचावे.