सूत्रं डॉक्टरांच्या हाती

आरोग्यव्यवस्था सुधारायची तर सूत्रं डॉक्टरांच्या हाती द्या, असं हल्ली वरचेवर ऐकू येतं. जन्मभर इतिहास शिकवल्यामुळे माझा पहिला प्रश्न असतो, पूर्वी कधी दिली होती का?

दिली होती. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर सनदी अधिकारी असले, तरी सदस्यांत नामवंत डॉक्टर बरेच होते. १९४६ चा त्यांचा अहवाल मोठ्या मनाचा आहे. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, हे त्यात स्पष्ट म्हटलंय. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पनाही त्यातलीच.

पण त्याच अहवालाने एल.एम.पी. डॉक्टरांचा छोटा अभ्यासक्रम बंद करायला सांगितलं. तेव्हा देशात जेमतेम ४७ हजार डॉक्टर, त्यांतले ३० हजारांच्या आसपास असे लायसेन्शिएट! खेड्यातल्या माणसाला दुय्यम डॉक्टर का, हा युक्तिवाद खोटा नव्हता. काही सदस्यांनी विरोधही नोंदवला. आधीच डॉक्टर कमी, त्यात हे दार का लावता? बहुमतापुढे ते चाललं नाही. आमच्या गावात सायकलवरून फिरणारे एक म्हातारे एल.एम.पी. होते. त्यांच्यानंतर गावात पदवीवाला कुणी आला नाही. एम.बी.बी.एस. झालेला मुलगा खेड्यात राहील, हे समितीने गृहीत धरलं होतं. (कोणत्या पालकाने धरलं असतं?)

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. त्यांनीही सूत्रं हाती घेतली, आणि लगेच वाटून टाकली. गावाने निवडलेल्या बायकांना, त्यांत कित्येक निरक्षर आणि दलित, त्यांनी बाळंतपण, जुलाब, लसीकरण शिकवलं. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आणखी धाडस केलं. तान्ह्या बाळाला जंतुसंसर्ग झाला तर गावातल्याच आरोग्यदूत बाईने इंजेक्शन द्यायचं! इंजेक्शन म्हणजे डॉक्टरांचा खास मान. पण ३९ गावांत नवजात बालमृत्यू निम्म्याहून कमी झाले, आणि १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासण्याचं काम २०११ पासून देशभरच्या आशाताईंकडे आलं. इंजेक्शन मात्र त्यांच्या नेहमीच्या कामात आलं नाही. आणि पगारही नाही. मानधन आणि कामागणिक मोबदला, एवढंच.