डिग्री नसताना जपानमध्ये नोकरी कशी मिळते? एसएसडब्ल्यू व्हिसाची संपूर्ण माहिती

"दादा, मी फक्त बारावी पास आहे. जपानला कामाला जाता येईल का?" हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. उत्तर आहे, हो, जाता येतं. पण डिग्रीच्या जागी दोन परीक्षा येतात आणि त्या कुठलाही एजंट तुम्हाला विकत देऊ शकत नाही. एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, तर घरचे लाखो रुपये वाचू शकतात.

डिग्री नेमकी कुठे लागते?

ऑफिसातली नोकरी, सॉफ्टवेअर, इंजिनिअरिंग अशा कामांचा व्हिसा वेगळा असतो. त्यासाठी साधारणपणे डिग्री किंवा त्याच कामाचा १० वर्षांचा अनुभव मागतात. आयटीवाल्यांना जपानची ठरावीक आयटी परीक्षा पास झाल्यास डिग्रीच्या अटीतून सूट मिळते, पण ती परीक्षा जपानी भाषेत असते. भारतीय हॉटेलातल्या कुकसाठीही वेगळा व्हिसा आहे, त्यालाही १० वर्षांचा अनुभव लागतो.

नुकत्याच बारावी झालेल्या मुलामुलींना यातलं काहीच लागू होत नाही. त्यांच्यासाठी दुसरा रस्ता आहे.

एसएसडब्ल्यू व्हिसा म्हणजे काय?

एसएसडब्ल्यू म्हणजे स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर. जपानीत याला 'तोकुतेई गिनो' म्हणतात. जपानमध्ये म्हाताऱ्यांची संख्या वाढतेय आणि काम करणारे हात कमी पडतायत, म्हणून एप्रिल २०१९ मध्ये हा व्हिसा सुरू झाला. भारताने जपानसोबत याचा करार जानेवारी २०२१ मध्ये केला.

वृद्धांची देखभाल, शेती, बांधकाम, हॉटेल, खाद्यपदार्थांचे कारखाने, गाड्यांची दुरुस्ती अशी कामं यात येतात. मार्च २०२४ मध्ये ही यादी १६ क्षेत्रांपर्यंत वाढवली गेली. वय किमान १८ हवं. शिक्षणाची अट नाही.

याचे दोन प्रकार आहेत:

- प्रकार १: साधारण एकूण ५ वर्षं राहता येतं. बायको, नवरा, मुलं यांना सोबत नेता येत नाही.
- प्रकार २: यासाठी वरच्या पातळीचं कौशल्य सिद्ध करावं लागतं. व्हिसा पुन्हा पुन्हा वाढवता येतो आणि बायको किंवा नवरा व मुलांना नेता येतं.

सुरुवात बहुतेकांची प्रकार १ पासूनच होते. पाच वर्षं घरच्यांपासून लांब राहायचंय, याचा विचार आधीच करा.

त्या दोन परीक्षा कोणत्या?

१. भाषा: जेएलपीटी एन४ किंवा जेएफटी बेसिक, यातली एक पास व्हा. जेएलपीटी भारतात जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, पुण्यातही सेंटर असतं. जेएफटी बेसिक कॉम्प्युटरवर होते, वेळ ६० मिनिटं. २५० पैकी २०० गुण मिळाले की पास आणि निकाल त्याच दिवशी स्क्रीनवर दिसतो.

२. कौशल्य: ज्या क्षेत्रात जायचंय त्याची परीक्षा. वृद्धांच्या देखभालीसाठी त्या कामातल्या जपानीची आणखी एक छोटी परीक्षा असते. सगळ्या क्षेत्रांच्या परीक्षा भारतात कायम चालू असतात असं नाही. म्हणून क्लास लावण्याआधी प्रोमेट्रिकच्या साइटवर तारखा बघा.

मोबाईलवर फुकट तयारी

जपान फाउंडेशनचं 'इरोदोरी' हे पुस्तक पीडीएफ आणि ऑडिओसह मोफत डाउनलोड होतं. त्यांच्याच 'मिनातो' साइटवर ऑनलाइन कोर्स आहेत. ऐकण्याच्या सरावासाठी एनएचके वर्ल्डचे 'इझी जपानीज'चे धडे आहेत.

मराठी माणसाला एक फायदा आहे. जपानीत क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं. 'मी भात खातो' म्हणजे 'वाताशी वा गोहान ओ ताबेमास'. आपण 'चा, ला, ने' शब्दाला मागून जोडतो, तसेच तिकडे 'नो, नि, दे' मागून येतात. अवघड जाते ती लिपी. हिरागाना आणि काताकाना, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं, आधी हातानं लिहून पाठ करा.

पैसे कुठे आणि किती?

माझ्या ओळखीतल्या एका मुलाकडे एजंटने साडेचार लाख मागितले होते. घरात आईचे दागिने गहाण ठेवायची बोलणी चालू होती. मी त्याला एवढंच विचारायला सांगितलं की, "तुमचा नोंदणी क्रमांक काय?" त्यानंतर एजंटचा फोन आला नाही.

हे नियम लक्षात ठेवा:

- परदेशी नोकरी लावून देणारा एजंट भारत सरकारकडे नोंदणीकृत हवा. ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव शोधता येतं.
- त्याला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतं, तेही पावती देऊन. भाषेच्या क्लासची फी वेगळी असू शकते, पण तिचीही पावती मागा.
- तुमच्याकडून अनामत रक्कम अडकवून ठेवणं जपानच्या नियमात बसत नाही.
- विमानतळावरून नेणं, घर शोधायला, बँक खातं उघडायला मदत करणं ही प्रकार १ मध्ये कंपनीची जबाबदारी आहे. या मदतीचा खर्च तुमच्याकडून घेता येत नाही.

पगार हातात किती येतो?

त्याच कामासाठी जपानी माणसाला जेवढा पगार, तेवढा किंवा जास्त तुम्हाला द्यावा लागतो. २०२४ मध्ये जपानचं सरासरी किमान वेतन तासाला १,०५५ येन होतं. महिन्याला १६० तास धरले तर १,६८,८०० येन. यातून आरोग्य विमा, पेन्शन, रोजगार विमा, आयकर आणि बहुधा घरभाडं कापलं जातं. साधारण दुसऱ्या वर्षापासून रेसिडेंट टॅक्सही लागतो. म्हणून "हातात किती?" हे करारावर सही करण्याआधी लेखी विचारा. काम पटलं नाही तर त्याच क्षेत्रात कंपनी बदलता येते.

कोणतं काम आधी, कोणतं नंतर?

पासपोर्ट काढा, भाषा शिका, दोन्ही परीक्षा पास व्हा, मग कंपनीशी करार करा. त्यानंतर कंपनी जपानमध्ये सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटीसाठी अर्ज करते. हे आता ईमेलनेही मिळतं आणि साधारण ३ महिने चालतं. ते आलं की भारतात व्हिसाचा अर्ज करायचा.

"आधी पैसे भरा, परीक्षेचं नंतर बघू" असं कोणी म्हणालं, तर तिथेच थांबा. जपानी शिकायला घेतलेला मित्र असेल, तर त्याला हा लेख पैसे भरण्याआधी पाठवा.