जन्म कीं मरण?

बाप हयात असतां मुलानें वांटणी मागणें आमच्या घरांतून उद्धटपणाचें मानितात. परंतु ज्या शास्त्राच्या नांवानें त्यास दटावावयाचें, त्याच शास्त्राचा एक थोर पंडित त्याच्या बाजूस उभा आहे. चालुक्य सहाव्या विक्रमादित्याच्या कारकीर्दींत (१०७६–११२६) कल्याणी, म्हणजे हल्लींच्या बसवकल्याण, येथें विज्ञानेश्वरानें मिताक्षरा लिहिली. आजोबांकडून आलेल्या मिळकतींत नातवाचें स्वत्व जन्मतःच उपजतें, असें त्याचें मत. बंगालचा जीमूतवाहन आपल्या दायभागांत याच्या उलट म्हणतो: बापाच्या मरणापूर्वीं मुलाची मालकी नाहीं.

हा वाद केवळ पंडिती नव्हे. मिताक्षरेच्या एकत्र कुटुंबांत बापास कुटुंबाच्या गरजेवांचून वडिलार्जित जमीन विकतां येत नसे, हा मुलाचा मोठाच आधार. पण त्याची किंमत विधवेनें दिली. निपुत्रिक भाऊ वारला कीं त्याचा हिस्सा इतर भावांकडे जाई व तिच्या पदरीं अन्नवस्त्र तेवढें उरे; बंगालची विधवा मात्र तहहयात कां होईना, पतीचा हिस्सा घेई. मिताक्षरेच्या प्रांतांतील विधवेस तसा हक्क मिळावयास १९३७ चा कायदा यावा लागला. मिताक्षरेचा अभिमान सांगतांना ही बाजू झांकूं नये, असें आम्हांस वाटतें.

बहिणीच्या बाबतींत मात्र आमचा इलाखा पुढें होता. मूळच्या पैठणच्या घराण्यांतील नीलकंठ भट्टानें सतराव्या शतकांत व्यवहारमयूख रचिला. काशीस लिहिलेला हा ग्रंथ काशीस नव्हे, तर गुजराथ, मुंबई बेट व उत्तर कोंकण येथें मिताक्षरेहून श्रेष्ठ ठरला, ही एक गंमतच! बहीण भावाच्याच गोत्रांत जन्मली, म्हणून तीही गोत्रज, इतक्या साध्या युक्तिवादानें त्यानें तिला वारसांत घेतलें. मिताक्षरेखालील इतर प्रांतांस त्यासाठीं १९२९ चा कायदा पाहावा लागला.

१९५६ च्या कायद्यानें मुलीस बापाच्या हिश्शांत वारस केलें. परंतु जन्मसिद्ध हक्क मुलाकडेच ठेविला. महाराष्ट्रानें १९९४ मध्यें अविवाहित मुलींस तो दिला, आणि ९ सप्टेंबर २००५ पासून तो देशभर सर्व मुलींस मिळाला. त्या दिवशीं बाप जिवंत असावा लागतो काय? ११ ऑगस्ट २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं नाहीं. कारण हक्क बापाच्या मरणानें नव्हे, मुलीच्या जन्मानें येतो. युक्तिवाद विज्ञानेश्वराचाच, फक्त त्यानें तो मुलासाठीं केला होता. २० डिसेंबर २००४ पूर्वीं नोंदलेल्या वांटणीपत्रानें किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानें झालेल्या वांटण्या मात्र आतां उकलतां येत नाहींत.