पोस्टकार्ड पन्नास पैशांचं, पण…

परवा आचोळ्यात टँकरच्या रांगेत शेजारच्या आजी पुटपुटल्या, "मृणालताई पाहिजे होत्या." आजी मूळच्या गोरेगावच्या. रांगेतल्या कॉलेजच्या पोरीने विचारलं, "कोण मृणालताई?" म्हणून ही पोस्ट.

मृणाल गोरे म्हणजे गोरेगावची 'पाणीवाली बाई'. 1972 पासून अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांच्यासोबत त्यांनी महागाईविरोधात मुंबईच्या हजारो बायका लाटणी-थाळ्या घेऊन रस्त्यावर आणल्या. 25 जून 1975 च्या रात्री आणीबाणी लागली आणि यातल्या तिघी, मृणालताई, अहिल्याताई आणि प्रमिलाताई, पुढे तुरुंगात गेल्या. मृणालताई काही महिने भूमिगत होत्या, मग पकडल्या गेल्या. खटला नाही, सुटकेची तारीख नाही.

प्रमिलाताई येरवड्यात, नवरा मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात. दोघांनी एकमेकांना सुमारे दोनशे पत्रं लिहिली. प्रत्येक पत्र आधी तुरुंगाचे अधिकारी वाचणार, हे माहीत असूनही लिहिली.

बाहेरूनही पत्रं येत होती. लंडनमध्ये जयप्रकाशांच्या सुटकेसाठी मोहीम चालली. जॉर्ज फर्नांडिस पकडले गेले तेव्हा युरोपातल्या समाजवादी नेत्यांनी इंदिराजींना कळवलं, आमचं लक्ष आहे. अ‍ॅम्नेस्टीची 1961 पासूनची पद्धत हीच. सुरुवातीला एकेका गटाने तीन कैदी 'दत्तक' घ्यायचे: एक पाश्चात्त्य देशातला, एक कम्युनिस्ट देशातला, एक तिसऱ्या जगातला. मग सरकारला पत्रं लिहीत राहायचं. म्हणजे फक्त 'आपल्या' माणसासाठी ओरडायची सोयच नाही!

पत्राने कुलूप उघडतं का? एकट्या पत्राने नाही. आपल्याकडे 1977 मध्ये मतपेटीने उघडलं. मृणालताई आणि अहिल्याताई दोघी मुंबईतून खासदार झाल्या. सौदीत लुजैन अल-हथलूल बायकांना गाडी चालवू द्या म्हणून लढली. मे 2018 मध्ये तिला अटक झाली आणि पुढच्याच महिन्यात ती बंदी उठली! हक्क मिळाला, मागणारी आत. जगभरातून पत्रं जात राहिली. ती सुटली फेब्रुवारी 2021 मध्ये, तीही प्रवासबंदीसकट.

पण पत्र दोन कामं नक्की करतं. कैद्याला कळतं, आपण विसरलो गेलो नाही. आणि कोठडीची किल्ली ज्याच्या हातात, त्याला कळतं, कुणीतरी मोजतंय.

आपल्या शोमा सेन नागपूरच्या प्राध्यापिका, स्त्री-हक्क कार्यकर्त्या. जून 2018 मध्ये अटक, सुप्रीम कोर्टातून जामीन एप्रिल 2024 मध्ये. आरोप खरे की खोटे ते कोर्ट ठरवेल. पण ती सहा वर्षं कोण परत देणार? त्या काळात आपण किती जणांनी एक ओळ लिहिली? मी नाही लिहिली. कबूल करतो.

पोस्टकार्ड अजूनही पन्नास पैशांना मिळतं. पुढच्या वेळी पक्ष, जात, धर्म न विचारता एक तरी लिहूया. टँकरसाठी तासभर उभे राहतोच की आपण.