तोंड मिटून पळा

दर रविवारी पहाटे साडेपाचला आमची टोळी बडोद्यात काळ्या घोड्यापाशी जमते, आणि पळणं सुरू व्हायच्या आधी भांडण सुरू होतं. भांडण ठरलेलं आहे. मॅरेथॉनच्या तयारीत सर्वांत लांबचा पल्ला किती असावा? विद्यापीठात शिकणारा एक मुलगा म्हणतो, ३६ किलोमीटर पळाल्याशिवाय ४२ ला हात घालू नये. अलकापुरीतल्या एक डॉक्टरीणबाई म्हणतात, २६ च्या पुढे नुसते पाय झिजतात. दोघांच्या मनगटावर महागडी घड्याळं आहेत आणि ज्याचं घड्याळ त्याच्याच बाजूने बोलतं. मी ६३ वर्षांचा, जन्म सयाजीगंजातला. मला कुणी विचारलंच तर मी सांगतो, "तोंड मिटून पळा." सगळे हसतात. काका आपल्याला गप्प बसायला सांगताहेत, असं त्यांना वाटतं.

हा नियम माझा नाही, वडिलांच्या वस्तादांचा. वडील लहानपणी तालमीत जायचे. जोर-बैठका सुरू करण्यापूर्वी वस्ताद पोरांना विश्वामित्रीच्या बाजूला पळत पाठवायचे. कुठपर्यंत, हे सांगायचे नाहीत. नाकाने श्वास पुरेनासा झाला आणि तोंड उघडलं, की तिथून मागे फिरायचं. एखादा पुलापर्यंत पोचायचा, एखादा त्याच्या पुष्कळ अलीकडून फिरायचा. दोघांचीही मेहनत त्या दिवसापुरती पुरी झाली असं धरायचे. वडील सांगायचे, महिन्याभरात फिरायची जागा आपोआप पुढे सरकायची.

पुढे मी वाग्भट वाचला तेव्हा कळलं, वस्तादांच्या नियमाचं मूळ बरंच जुनं आहे. अष्टांगहृदयात व्यायामाला अर्धशक्तीची मर्यादा आहे. अंगात बळ आहे आणि खाण्यात तूप-दूध आहे, अशा माणसानेही थंडीत आणि वसंतात निम्म्या ताकदीनेच व्यायाम करावा; एरवी त्याहून कमी. निम्मी ताकद ओळखायची कशी, ते सुश्रुतसंहितेत आहे: श्वास तोंडाशी आला की समजावं. मर्यादा ओलांडणाऱ्यासाठी वाग्भट तहान, खोकला, ताप, धाप अशी यादीच देतो. आणि मग येतो तो सिंह, हत्तीला मारून त्याला ओढत नेण्याच्या नादात स्वतःच मरणारा. ज्या गोष्टींचा अतिरेक त्या सिंहासारखा अंगावर येतो, त्यांत व्यायामाच्या जोडीला जागरण आहे, बडबड आहे आणि वाट चालणंही आहे. आमच्या टोळीला यातलं काहीच वर्ज्य नाही.

बडोद्यात अशा गोष्टी नुसत्या तोंडी राहिल्या नाहीत, हे या शहराचं भाग्य. सयाजीराव महाराजांच्या काळात इथे तालमीला प्रतिष्ठा होती. जुम्मादादांच्या आखाड्याचं व्यायाममंदिर प्रोफेसर माणिकरावांनी नावारूपाला आणलं. कवायतीचे इंग्रजी हुकूम काढून त्यांनी देशी हुकूम आणले. शिवाय मोडलेली हाडं बसवण्यातही त्यांचं नाव होतं. पोरांना मेहनत शिकवणारा आणि मेहनतीने मोडलेलं सांधणारा माणूस एकच असला, की मर्यादेचं भान वेगळं शिकवावं लागत नसणार. १९३६ पासून दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी बडोद्यातून व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत काढले. शेवटचा १९४९ चा. कुस्ती, मल्लखांब, लाठी यांवर एवढं तपशिलात मराठीत दुसरीकडे क्वचितच सापडेल.

पण तालमीत पळणं हा चटणी-कोशिंबिरीचा भाग. पोट त्यावर भरायचं नाही. ज्यांचं पोटच पळण्यावर होतं ते पत्रं पोचवणारे जासूद आणि काशीद. पेशव्यांच्या पत्रांत जासुदांची जोडी धाडल्याचे उल्लेख आढळतात, काशिदाच्या मजुरीला 'अजुरा' हा वेगळा शब्द आहे. पानिपतचा निकाल नानासाहेबांना कळला तो सावकारी पत्रातून, काशिदाच्या हाती आलेल्या. ही माणसं अंतर मोजायची मजलीने. मजल म्हणजे एका दिवसात जेवढं जाऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा उठून जाता येईल तेवढं. घाट आला की मजल आखूड, सपाट वाट आली की लांब. इंग्रजी टपालाच्या हरकाऱ्याला मैलांत मोजलेला टप्पा असे, भालाघुंगरू घेऊन तो पळायचा आणि पुढच्याच्या हाती थैली द्यायचा. मजल जाऊन मैल आला तो साधारण असा.

मैलाची आणि आमच्या माणसांची खरी गाठ पडली पुण्यात. १९१९ मध्ये डेक्कन जिमखान्याच्या शर्यती बघायला दोराबजी टाटा आले. तिथली मुख्य शर्यत सुमारे २५ मैलांची. पळणारी पोरं शेतकऱ्यांची, अनवाणी, साध्या भाकरीवर वाढलेली. शास्त्रोक्त सराव हा शब्दही त्यांनी ऐकला नसेल. टाटांनी वेळा पाहिल्या आणि युरोपातल्या वेळांशी ताडून पाहिल्या. पुढच्या वर्षी अँटवर्प ऑलिंपिकला संघ गेला, त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार मॅरेथॉन पळाले. २२ ऑगस्ट १९२० ची ती शर्यत ४२.७५ किलोमीटरची होती. ऑलिंपिकमध्ये इतकी लांब मॅरेथॉन आधी झाली नव्हती, नंतरही नाही. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटांत पहिला आला. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे.

मी एकदा कागदावर हिशेब मांडला. किलोमीटरला चार मिनिटं पडतात, त्यातही पाव-अर्धा सेकंद शिल्लक. आमच्या टोळीतला सर्वांत वेगवान मुलगा त्या वेगाने कमाटीबागेचा फेरा मारतो आणि फुलांच्या घड्याळापाशी कमरेवर हात ठेवून उभा राहतो.

किती आणि कसं पळावं, हा त्यानंतरचा सगळा वाद परदेशातला. एमिल झाटोपेक ४०० मीटरचे तुकडे दिवसाला डझनावारी पळायचा. १९५२ मध्ये त्याने हेलसिंकीला तीन सुवर्णपदकं घेतली, त्यांतलं मॅरेथॉनचं तर आयुष्यातल्या पहिल्याच मॅरेथॉनमध्ये. सगळं जग तुकडे पळू लागलं. न्यूझीलंडचा आर्थर लिडियार्ड नेमका उलट्या वाटेने गेला. पायताणाच्या कारखान्यात काम करणारा हा माणूस. प्रयोग आधी स्वतःच्या शरीरावर केले आणि मग शेजारपाजारच्या पोरांना आठवड्याला १०० मैल पळायला लावलं. रविवारी डोंगरातून २२ मैल. ८०० मीटर पळणाऱ्या पीटर स्नेललाही त्यातून सूट नव्हती, आणि १९६० ला रोममध्ये स्नेलने सुवर्ण आणलं. अमेरिकेतले हॅन्सन बंधू उलट २६ किलोमीटरला कुलूप लावतात, बाकीचं आठवड्याच्या थकव्यावर सोडतात. जॅक डॅनियल्सचा हिशेब असा, की एका दिवसाची दौड आठवड्याच्या साधारण पाव हिश्श्याहून मोठी नको, आणि अडीच तासांपुढे तर नकोच.

मला यात गंमत वाटते ती लिडियार्डची. आकडा एवढा राक्षसी, पण अट अशी की सोबत्याशी बोलता आलं पाहिजे. म्हणजे पुन्हा श्वासावरच आला की! वस्ताद आणि तो एकाच वाटेवर भेटतात. फरक एवढाच, की वस्ताद पोराला तिथून मागे फिरवायचे आणि लिडियार्ड त्याच वेगाने अडीच तास पुढे हाकायचा. अर्धशक्तीचा नियम निरोगी राहण्यासाठी आहे, पदकासाठी नाही, हेही कबूल करायला हवं. चौगुले त्या दिवशी अर्ध्या शक्तीने पळाले नसणार.

मी हे सगळं शहाणपणाने सांगतोय, पण ५१ व्या वर्षी मीच लिडियार्डचा आकडा उचलला आणि अट टाकून दिली. शर्यतीला तीन आठवडे होते. कुठल्याशा तक्त्यात ३५ किलोमीटर लिहिले होते म्हणून ३५ पुरे करायचे, एवढंच डोक्यात. २८ पासून तोंडाने धापा टाकत होतो, डाव्या नडगीत एका बोटाएवढ्या जागी ठणका होता. कीर्तिमंदिरावरून येताना तो प्रत्येक पावलाला लागला. तरी पुरे केले, वर शेव-उसळही खाल्ली. एक्स-रेत हाडाला केसाएवढी चीर निघाली. दोन महिने चालायला काठी, आणि शर्यत मी गॅलरीतून बघितली. वडील तेव्हा हयात होते. काही बोलले नाहीत. माझी काठी भिंतीला टेकवून ठेवायची आणि मी उठलो की हातात द्यायची, एवढं मात्र न चुकता करायचे.

मागच्या रविवारी डॉक्टरीणबाई माझ्या बरोबरीने पळत होत्या. पुलावर विश्वामित्रीतली मगर दिसते का म्हणून दोघंही जरा रेंगाळलो. मग त्या म्हणाल्या, "काका, आज नाकानेच बघू." फतेगंजच्या वळणापर्यंत गेलो. तिथे त्यांचं तोंड उघडलं, माझं त्याच्या बरंच आधी उघडलं होतं. त्यांनी सवयीने मनगट वर केलं, घड्याळावर बाही ओढली आणि मागे वळल्या.