गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे

लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवर ‘वर्ल्ड वन’ उभा आहे. मूळ आराखडा 442 मीटरचा होता, पण विमानतळ प्राधिकरणाच्या मंजुरीअभावी टॉवर 280 मीटरवर थांबला. त्याला अडवलं ते वरून. खालची, जमिनीवरची अडचण त्याच्या कितीतरी आधी सरकारनेच दूर करून ठेवली होती.

कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची सूतगिरणी 1856 मध्ये सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत भायखळ्यापासून दादरपर्यंत चिमण्यांचं रान माजलं. कोकणातून आणि घाटावरून माणसं आली. चाळीतली एक खोली दहा-पंधरा जणांची. एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच जागेवर अंग टाकायची. जेवण खानावळवाल्या बाईकडे, हिशेब पगाराला. अशा खानावळवाल्या बायकांना कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. हे गिरणगाव गिरणीच्या फाटकाबाहेरही असं पसरलेलं होतं.

कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. संपाने गिरणगाव बुडवलं, असं आजही सर्रास बोललं जातं. ते अर्धंच खरं. संपाने रोजगार गेला. जमिनीचं काय करायचं हे ठरलं ते विकास नियंत्रण नियमावलीत.

1991 च्या नियम 58 नुसार गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने तीन वाटे करायचे होते: एक महापालिकेला मैदानं-उद्यानांसाठी, एक म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेला घरांसाठी, एक मालकाला. पण जुन्या बांधकामाच्या आत केलेले बदल या वाटणीतून सुटत होते. मालकांनी नेमकी तीच फट हेरली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस फिनिक्स मिलच्या आवारात बोलिंग ॲली आली. मॉलही मागोमाग आलाच. सगळ्या जमिनींचा एकत्रित विचार व्हावा म्हणून 1996 मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची समिती नेमली गेली. तिचा आराखडा कागदावरच राहिला.

2001 मध्ये नियमच बदलला. वाटणी आता फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची. शेड पाडून जी जागा मोकळी होईल ती पूर्ण मालकाची. गिरणीच्या आवारात शेडच शेड असताना मोकळं असणार ते किती? ‘बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप’ ही पर्यावरण संस्था न्यायालयात गेली. 2005 मध्ये उच्च न्यायालयाचा कौल तिच्या बाजूने लागला, मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

पुढचं काम पैशाने केलं. सुमारे 17 एकरांची मुंबई टेक्स्टाइल मिल राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने, म्हणजे सरकारी कंपनीने, 2005 मध्ये डीएलएफ या बांधकाम कंपनीला 702 कोटींना विकली. 2012 मध्ये तीच जमीन लोढा या बांधकाम समूहाने सुमारे 2,700 कोटींना घेतली. मधल्या सात वर्षांत तिथे एकही टॉवर उभा राहिला नव्हता, तरी भाव जवळपास चौपट. आज तिथे ‘लोढा पार्क’ आहे, ट्रम्प टॉवरसकट.

म्हाडाच्या वाट्याला आलेल्या तुकड्यांवर गिरणी कामगारांसाठी 225 चौरस फुटांची घरं झाली, 2012 मध्ये मोठी सोडतही निघाली. पण अर्ज दीड लाखाच्या घरात आणि घरं काही हजार. 2016 मधल्या एका सोडतीतली घरं तर पनवेलजवळच्या कोनला होती. पुढे सरकारने शेलू आणि वांगणी सुचवलं, म्हणजे बदलापूरच्याही पलीकडे. जुलै 2025 मध्ये कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले ते हा पर्याय नाकारायला. त्यांची मागणी एकच होती: घर मुंबईतच हवं.