टेबलावर न चढता तपासणी

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा विषय निघाला की एक तक्रार ठरलेली: बायका दुखणं अंगावर काढतात, तपासणीला येतच नाहीत. ही तक्रार मराठवाड्यातच खोटी ठरली आहे. १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. त्यामागे बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था होती. कार्यकर्त्या घरोघर गेल्या आणि बोलावलेल्या दहांपैकी जवळपास आठ जणी आल्या. २००९ साली निष्कर्ष छापून आले. या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू शोधणारी एचपीव्ही चाचणी एकदाच झालेल्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या, आकाराने थोड्या लहान गटात ६४. पेशी तपासणारी पॅप चाचणी आणि व्हिनेगर लावून केलेली पाहणी यांच्या गटांत मृत्यू म्हणण्यासारखे घटले नाहीत.

म्हणजे बायका येतात, पण त्यासाठी कुणाला तरी दारात जावं लागतं. ते बळ अभ्यास संपला की ओसरतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या जेमतेम १.९ टक्के स्त्रियांनी अशी तपासणी कधीतरी झाल्याचं सांगितलं. एचपीव्ही चाचणीसाठी स्वतःच नमुना घेण्याची पद्धत मोलाची ठरते ती इथे. तपासणीचं टेबल नको, योनी उघडून धरणारा स्पेक्युलम नको, बाईने आडोशाला जाऊन मऊ टोकाची काडी योनीत फिरवायची, नळीत घालून आशाताईंकडे द्यायची. "बाईला ते नीट जमेल का?" या शंकेत थोडं तथ्य आहे, पण दोष बाईच्या हाताचा नाही. उस्मानाबादेत वापरलेल्या हायब्रिड कॅप्चर प्रकारच्या चाचण्या अशा नमुन्यावर कमी पडतात. पीसीआरवर चालणाऱ्या चाचण्यांत मात्र तिने घेतलेला नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या जवळपास तोडीस तोड ठरतो. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२२पासून हा पर्याय तपासणीस पात्र सगळ्या स्त्रियांना खुला केला तो याच बळावर.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विषाणू सापडला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही, आणि चाचणीने कुणी बरंही होत नाही. उस्मानाबादेत जीव वाचले ते दोष आढळलेल्या स्त्रियांची पुढची तपासणी आणि उपचार झाले म्हणून. तेव्हा किट वाटण्याआधी तालुक्याच्या रुग्णालयात पिशवीचं तोंड मोठं करून दाखवणारा कॉल्पोस्कोप आणि तो हाताळणारा माणूस हवा, नाहीतर तिच्या हाती नुसता पॉझिटिव्हचा कागद उरेल.